लिनक्समधील थ्रेडच्या नावाची लांबी

लिनक्स या संचालन प्रणालीच्या कर्नलमध्ये प्रत्येक थ्रेडचे नाव साठवण्यासाठी १६ बाइटांची जागा राखलेली असते. शेवटचा बाइट नाव संपल्याची खूण म्हणून खर्ची पडत असल्याने नावाला प्रत्यक्षात १५ बाइट मिळतात. थ्रेड ओळखण्यासाठी कर्नल क्रमांकाचा आधार घेते. नाव हे मुख्यतः प्रणालीची देखभाल करणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी असते.

मर्यादा ओलांडल्यास

'पीआरसीटीएल' या सिस्टिम कॉलने लांब नाव दिल्यास जादा भाग कोणतीही सूचना न देता कापला जातो. जीलिबसी लायब्ररीतील 'पीथ्रेड_सेटनेम_एनपी' हे फंक्शन मात्र असे नाव नाकारते आणि त्रुटी कळवते. म्हणून दस्तऐवजात केवळ १६ हा आकडा देणे पुरेसे ठरत नाही. तो अक्षरांचा नसून बाइटांचा आहे, त्यात समाप्तीची खूण धरलेली आहे आणि तो ओलांडल्यास काय घडते, हेही नोंदवावे लागते.

बाइट आणि अक्षर

यूटीएफ-८ संकेतनात रोमन अक्षराला १ बाइट, तर देवनागरीच्या प्रत्येक युनिकोड चिन्हाला ३ बाइट लागतात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हे असल्याने तो १५ बाइटांत नेमका मावतो. 'महाराष्ट्र' या शब्दाला ३० बाइट लागतात. तो कापला गेल्यास 'महारा' एवढेच उरते.

कर्नल थ्रेड

कर्नलची अंतर्गत कामे करणाऱ्या थ्रेडची नावे 'पीएस' या आज्ञेच्या यादीत चौकटी कंसात दिसतात. अशा नावात बहुधा आधी काम आणि शेवटी उपकरण येते; त्यामुळे कापणीत ओळख पटवणारा भागच गळतो. जुन्या आवृत्त्यांत 'एक्सएफएस-रिक्लेम/डीएम-०' व 'एक्सएफएस-रिक्लेम/डीएम-१' या दोन्ही नावांची रोमन लिपीतील १५ अक्षरे 'डीएम-' येथेच संपत आणि कोणता थ्रेड कोणत्या उपकरणाचा, हे नावावरून कळत नसे.

२०२२ मधील ५.१७ या आवृत्तीपासून कर्नल थ्रेडचे लांब नाव स्वतंत्र जागेत पूर्ण साठवले जाते व 'प्रॉक' फाइल प्रणालीतून ते वाचता येते. मूळ १६ बाइटांची जागा मात्र तशीच ठेवण्यात आली असून सामान्य प्रोग्रामांच्या थ्रेडना जुनीच मर्यादा लागू आहे.