गंजिफाची पाठ

दशावतारी गंजिफा या पत्त्यांच्या खेळाच्या एका संचात 120 पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पानं. सावंतवाडीच्या चितारआळीत ही गोल पानं पिढ्यान्‌पिढ्या रंगवली गेली, पण जुन्या संचांवर रंगवणाऱ्याचं नाव सहसा सापडत नाही. आपल्याकडे कारागिराला किंमत नव्हती, असा अर्थ त्यातून चटकन काढला जातो. मला तो घाईचा वाटतो. पान निनावी राहण्याचं पहिलं कारण खेळातच आहे, आणि ते कळण्यासाठी पान उलटं करून बघावं लागतं.

पानाला चिंचोक्याची खळ आणि खडूचा लेप देतात, घोटून गुळगुळीत करतात, मग चित्र रंगवून लाखेचा हात देतात. पुढच्या बाजूला मासोळी, कासव, परशू, कमंडलू. पाठ मात्र एकरंगी, कोरी. या 120 पाठींमध्ये तिळाइतकाही फरक चालत नाही. एका पानावर लाख जाड बसली किंवा कडेला रंग ओघळला, तर मुरलेला खेळ्या पुढच्याच डावात ते पान हेरतो आणि सगळा संच वाया जातो. आता पुढची बाजू मोजू. एक ते दहाची बेरीज 55, म्हणजे राजा-प्रधान सोडूनही एका संचात 550 चिन्हं काढायची. मत्स्याच्या दश्शीवर तर तळहातात मावणाऱ्या गोलात दहा मासोळ्या, आणि दहाही एका वळणाच्या हव्यात. इतक्या कामात रेषा एकाची, रंग दुसऱ्याचा, लाख तिसऱ्याची अशी वाटणी ओघानंच येते. आणि कुणाचा हात कुठे थांबला ते दिसू न देणं, हीच त्या सगळ्यांची कसोटी ठरते. पाठीवर सही असती, तर पानच फितूर झालं असतं.

यावर कुणी युरोपातल्या टॅरो पत्त्यांकडे बोट दाखवील. मिलानच्या सरदार घराण्यांसाठी पंधराव्या शतकात हातानं रंगवलेली ती पानंही मुळात खेळायचीच होती. भविष्यकथनाचा वापर अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजला. लंडनमध्ये 1909 साली निघालेल्या प्रसिद्ध संचाची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. चित्रांत त्यांचं अक्षरचिन्हही आहे. तरी तो संच ओळखला गेला प्रकाशक रायडर आणि लेखक वेट यांच्या नावानं. सही होती, पण तेवढ्यानं श्रेय मिळालं नाही. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे: पाठीवर नको, पण संच ठेवायच्या डबीवर नाव घालायला काय हरकत होती? तिथे खेळाचं कारण पुरत नाही. गिऱ्हाईक गावातलं, घर माहितीतलं आणि ‘चितारी’ हे आडनावच धंद्याचं, म्हणून गरज भासली नसावी, असा माझा तर्क आहे.

निनावीपणा खेळातून आला असेल, तर खेळ थांबल्यावर नाव पुढे यायला हवं. सावंतवाडीत तसंच घडलं. छापील पत्त्यांच्या स्वस्त कॅटपुढे गंजिफा मागे पडला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ही कला वाचवायचं मनावर घेतलं, तेव्हा त्यांना माणूस शोधावा लागला: वयोवृद्ध पुंडलिक चितारी. त्यांच्याकडून ते शिकले, पुढे 1971 मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ ही संस्था उभी राहिली आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर पुन्हा कुंचला धरून बसले. या पानांना शोभेच्या वस्तू म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की त्या मागणीवरच हात टिकले. आज बहुतेक संच बघण्यासाठी घेतले जातात. पानं चित्र वर करून मांडली जातात आणि पाठ कुणी पाहत नाही. तरीही ती तितक्याच निगुतीनं एकसारखी केली जाते. डबीच्या सरकत्या झाकणाच्या आत मात्र रेषेचं, रंगाचं, लाखेचं अशी तीन-चार नावं लिहायला आता खेळाची आडकाठी उरलेली नाही.