पंचहौदचा चहा आणि केडगावची मुक्ती



आम्ही विद्वान नव्हे. शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा धर्मशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु नियम, दंड आणि मजुरीचा हिशेब यांत आमची तीस वर्षे गेली, आणि आजचा विषय, नीट पाहिले तर, याच तीन गोष्टींचा आहे.

आरंभ पुण्यापासूनच करू. गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालय आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या जागेला पंचहौद मिशन म्हणतात. ऑक्टोबर १८९० मध्ये तेथे शहरातील प्रतिष्ठित मंडळी निमंत्रणावरून जमली आणि त्यांच्यापुढे चहाचे पेले आले. मंडळींत लोकमान्य टिळक होते. ज्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमालेची परंपरा सुरू केली, ते न्यायमूर्ती रानडेही होते. कोणी चहा प्याले, कोणी पेला नुसता हाती घेतला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि गावात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्या आठवणींवरून दिसते की, त्यांना स्वतःला त्याची गरज वाटत नव्हती; मित्रांची कुचंबणा त्यांना पाहवली नाही.

आज या प्रकरणाचे हसू येते. पण पंक्तीचा हा तंटा एकट्या पुण्याचा नाही. ख्रिस्ती धर्माच्या अगदी आरंभी, पहिल्या शतकाच्या मध्यास, अंत्युखिया शहरात असाच तंटा झाला. येशूचा पट्टशिष्य पेत्र तेथे परजातीयांच्या पंक्तीला बसून जेवत असे. यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली, तेव्हा तो भिऊन पंक्तीतून उठला. ते पाहून पौलाने त्याला सर्वांदेखत खडसावले. ही हकीकत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच सांगितली आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: नियमशास्त्र पाळून माणूस देवापुढे नीतिमान ठरत नाही, तो ठरतो कृपेने, विश्वासाच्या द्वारे. मग ज्याला देवाने पंक्तीला घेतले, त्याला उठवणारे आपण कोण?

आम्हा कामगारांना हे सोप्या शब्दांत कळते ते येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातून. मालक पहाटे नाक्यावर जाऊन मजूर आणतो. पुन्हा सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी जातो. दिवस संपायला तास उरला असताना शेवटचे मजूर आणतो. संध्याकाळी सर्वांना सारखाच, पूर्ण दिवसाचा रोज देतो. पहाटेचे मजूर कुरकुरतात. प्रथम वाचले तेव्हा आम्ही त्या कुरकुरणाऱ्यांच्या बाजूचे होतो! नंतर लक्षात आले की, शेवटचे मजूर आळसाने उभे नव्हते. त्यांना कोणी कामावर घेतलेच नव्हते. त्यांच्याही घरी चूल होती. हजेरीपटावर जे बसत नाही आणि खाड्याने जे तुटत नाही, त्याला कृपा म्हणतात.

हा विचार आपल्या जिल्ह्यात कोणी जगून दाखवला असेल तर तो पंडिता रमाबाईंनी. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. तीर्थयात्रा, व्रते, दाने यांत त्या कुटुंबाचे सर्व द्रव्य संपले. दुष्काळ आला, आणि आईबाप व बहीण यांना रमाबाईंनी अन्नावाचून मरताना पाहिले. शास्त्राने घातलेल्या अटी आपण पाळल्या, तरी देव प्रसन्न झाले नाहीत, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. त्या वाक्यात आम्हाला राग दिसत नाही. सगळा हिशेब चुकता करूनही हाती काही न लागलेल्या माणसाची थकावट दिसते.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनीमंडळाच्या आश्रयाने राहिल्या. याच मंडळाच्या भगिनी पंचहौदमध्येही काम करीत. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा या भगिनी लंडनमधील फुलहॅम येथे करीत होत्या, ती रमाबाईंनी पाहिली. त्यांनी कारण विचारले, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे कथा संपली असती तर ती केवळ धर्मांतराची कथा झाली असती. खरी कसोटी पुढेच होती. चर्चने शिकवलेले निमूटपणे मानावे, अशी भगिनींची अपेक्षा. बायबल आपण स्वतः वाचू आणि पटेल तेच मानू, हा रमाबाईंचा आग्रह. शाकाहार त्यांनी सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवले. आता दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना बजावले. सोवळे पुण्याचे असो की वाँटेजचे, त्यांच्या लेखी सोवळेच.

तरीही आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, ही टोचणी त्यांना राहिली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. अनेक वर्षे उपदेश करून झाल्यावर त्याला स्वतःला श्रद्धा गवसली होती. ते वाचून रमाबाईंना उमगले की, तारण कमवायचे नसते, स्वीकारायचे असते. त्या वेळी त्या पुण्यातच होत्या. मुंबईस १८८९ साली काढलेले शारदासदन १८९० साली येथे आले होते.

स्वतः सर्व बंधनांतून सुटलेल्या या बाईने शारदासदनातील ब्राह्मण विधवांना मात्र त्यांचे सोवळे पाळू दिले. स्वातंत्र्यही लादायचे नसते, हे त्यांना कळत होते. मात्र त्यांच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे आणि मुली आत येऊन बसत. त्यावरून वादळ उठले. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. पालकांना मुलींच्या धर्माची काळजी वाटली, तीही खोटी नव्हती. इतिहास सांगताना ही बाजू झाकणे बरे नव्हे.

पुढे दुष्काळ पडला. १८९६-९७ साली रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा केडगावी आणल्या. मुलींची पात्रता कोणी तपासली नाही. तेथे शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. मुली स्वतः खिळे जुळवीत. अल्प शिकलेल्या बाईलाही वाचता यावे म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत बायबल उतरवीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले, त्याच्या थोडे आधी ते काम पुरे झाले होते. कृपेने फुकट मिळाले म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मजुरीसाठी जेवढे कष्ट होत नाहीत, तेवढे त्यांनी कृतज्ञतेने केले.

आता थोडे आमच्याविषयी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही संप केला. सतराव्या दिवशी एक फिटर कामावर गेला. घरी मुलगी तापाने फणफणली होती आणि औषधाला पैसा नव्हता. संप मिटल्यावर तो युनियनमध्ये परत घ्या म्हणून आला. आम्ही नियमावर बोट ठेवले: दंड भर, सभेत लेखी माफी वाच. त्याने दोन्ही केले. तरीही कँटीनमध्ये त्याच्या टेबलाशी कोणी बसेना. आम्हीही बसलो नाही. नोकरी संपेपर्यंत तो एकटाच चहा पीत असे. पंचहौदचे प्रकरण प्रथम वाचले तेव्हा ग्रामण्य करणाऱ्यांना आम्ही मनापासून हसलो, आणि हसता हसता ते टेबल आठवले.

नियम नकोत, असे आमचे म्हणणे नाही. नियमांवाचून संघटना म्हणजे नुसती गर्दी. पौलानेही स्वैराचार शिकवला नाही. स्वतंत्र झालात ते प्रेमाने एकमेकांची सेवा करण्यासाठी, असेच त्याने बजावले. पण काम कसे चालावे, हे नियमाने सांगावे. पंक्तीला कोणी बसावे, हे त्याने ठरवू नये.

गेल्या वर्षी आम्ही त्या फिटरच्या घरी गेलो. काय बोलायचे ते वाटेत दहादा जुळवले होते. आम्ही तोंड उघडण्याआधीच त्याने आत हाक मारून दोन कप चहा मागवला.