दूध कोणाचं, फुलं कोणाची? वत्सगुल्म ते वाशीम

आम्ही जऊळक्याच्या बाया वाशीमला जातो त्या कामापुरत्या. कोर्टकचेरी, कलेक्टर ऑफिस, दवाखाना, लेकरांचं कॉलेज, नाहीतर बालाजीचं दर्शन. काम झालं की परतीची गाडी. पण सोळाशे वर्षांपूर्वी हेच गाव एका राज्याची राजधानी होतं. आज त्याच्याविषयी बोलू.

तेव्हा त्याचं नाव होतं वत्सगुल्म. वत्स ऋषींवरून ते पडलं, अशी कथा सांगतात. चौथ्या शतकात वाकाटक राजा पहिला प्रवरसेन याच्यानंतर राज्याच्या वाटण्या झाल्या. एका शाखेने रामटेकजवळ नंदिवर्धनला बस्तान बसवलं. दुसरी शाखा प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने वत्सगुल्मला थाटली. सर्वसेन कवीही होता. त्याने ‘हरिविजय’ नावाचं काव्य रचलं आणि ते संस्कृतात नाही, प्राकृतात. याच घराण्यातल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. अजिंठ्याला सहलीला जाल तेव्हा लेकरांना सांगा, यात आपल्या वाशीमचा हात आहे.

राजांची गोष्ट एवढी पुरे. आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १९३९ साली वाशीमला सापडलेला ताम्रपट. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या ३७व्या वर्षी नांदेडच्या बाजूचं एक गाव ब्राह्मणांना दान दिलं, त्याचा हा दाखला. राजाची वंशावळ संस्कृतात आहे. पण त्या गावाला काय काय माफ केलं, ती यादी प्राकृतात आहे.

ती यादी नीट ऐका. या गावात राजाच्या शिपायांनी शिरू नये. गावाकडून फुलं आणि दूध घेऊ नये. गाई-बैल मागू नयेत. बसायला कातडी आणि जाळायला कोळसा मागू नये. खाटा, पाण्याची भांडी, कामाला माणसं मागू नयेत.

आता विचार करा, माफी कशाची देतात? जे एरवी वसूल होतं त्याचीच. म्हणजे बाकीच्या गावांमध्ये सरकारी माणूस मुक्कामाला आला की हे सगळं पुरवावं लागत असणार. मग ते दूध पहाटे कोणी काढलं असेल? फुलं कोणी तोडली असतील? पाण्याचे घडे कोणी भरले असतील? ताम्रपटात राजाचं नाव आहे, त्याच्या बापाचं, आजाचं आहे, दान घेणाऱ्यांची नावं आहेत. घडे भरणारीचं नाव नाही.

बायकांची नावं तेव्हा कोरलीच जात नव्हती, असंही नाही. नंदिवर्धनच्या शाखेत प्रभावतीगुप्ता राणीने मुलगा लहान असताना राज्य चालवलं. तिने स्वतः दिलेले ताम्रपट आहेत, त्यांतला एक अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. नाव कोरलं जायला राणी असावं लागत होतं, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे राज्य गेलं, तरी गाव टिकलं. १७६९ साली माधवराव पेशवे आणि जानोजी भोसले यांचा कनकापूरला तह झाला. भोसल्यांनी दरवर्षी पाच हजार रुपयांचं वाशीम-बाळापूरचं कापड पेशव्यांना द्यावं, असं त्यात एक कलम होतं. इतकं त्या कापडाचं नाव होतं. आता सूत काढल्याशिवाय कापड होत नाही आणि घरोघरी चरखा बाईच्या हातात असायचा. तहात मात्र कापडाची किंमत आहे, कातणारीचा उल्लेख नाही. त्याच काळात साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी बालाजीचं देऊळ बांधलं, तेच आपण आज बघतो. इंग्रजांनी वाशीमचा जिल्हा केला आणि १९०५ साली मोडून अकोल्यात घातला. १ जुलै १९९८ला तो पुन्हा झाला.

राजधानी आली-गेली, जिल्हा मोडला-झाला. गावांतून शहराकडे दूध, भाजी, धान्य जाणं थांबलं नाही. आजही निंदण, खुरपण, सोयाबीनची सोंगणी, गोठा हे बहुतेक आपल्याच अंगावर आहे. पण दाखला निघतो तो कोणाच्या नावाने? ताम्रपट आता निघत नाहीत, सातबारा निघतो. लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्याच्या संमतीने बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. त्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करायचा असतो.

तेव्हा घरातला सातबारा एकदा काढून बघा. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या. त्यावर आपलं नाव नसेल, तर आज रात्री जेवणं झाल्यावर घरात विषय काढा. राजाने सोळाशे वर्षांपूर्वी दुधाची माफी लिहून दिली, पण दूध काढणारीचं नाव लिहायचं राहून गेलं. ते आता आपल्यालाच लिहवून घ्यावं लागेल.