चार रुपये बारा आणे

आमच्या घरात एक खातेवही आहे. लाल कापडात गुंडाळलेली, लांबट, वरून शिवलेली, अक्षर मोडी. आजोबा गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा ती सापडली. मला मोडी वाचता येत नाही. नाशिकच्या एका जाणत्या गृहस्थांनी दोन दुपारी बसून ती वाचून दिली. त्यातलं एक पान मात्र मला न वाचताच पाठ होतं.

आजोबांचं दुकान नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलला. तिथे पाऊस लागला की चार-चार दिवस उघडत नाही. ओढे भरतात, पाड्यांवरचं गिऱ्हाईक येत नाही आणि दुकानदार फळीवर बसून नुसता मिठाला ओल लागताना बघतो. अशा दिवसांत आजोबा गोष्टी काढायचे. त्यात भुतं असायची, वाघ असायचे, बोहाड्यातली, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवातली, सोंगं असायची आणि एक 'साक्षवाला' असायचा. तो गडी कोकणा आदिवासी होता, बाजारापासून दीड-दोन कोसांवरच्या पाड्यावरचा. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याची नातवंडं आजही बाजाराला येतात.

गोष्ट नवे पैसे यायच्या आधीची, म्हणजे 1957 पूर्वीची. बाजाराच्या दिवशी नाशिककडून दोन-तीन ख्रिस्ती प्रचारक यायचे. एकाच्या गळ्यात बाजाची पेटी, दुसऱ्याच्या हातात झांज, तिसऱ्याच्या काखेत गुंडाळलेलं कापड. सुक्या बोंबलाच्या पाट्या आणि हिरडा-डिंक घेणाऱ्यांच्या काट्यांमध्ये जी मोकळी जागा उरेल तिथे ते कापड उलगडायचं. त्यावर रंगीत चित्रं. बापाकडून वाटणी घेऊन परागंदा झालेला, सारं उधळून शेवटी डुकरं राखणारा पोरगा आणि म्हातारा बाप त्याच्याकडे धावत निघालेला. आजोबा म्हणायचे, चित्रातली डुकरं फार सुंदर होती, पोरं डुकरं बघायलाच जमायची.

मग गाणं व्हायचं, मग भाषण. भाषण कुणी फारसं ऐकत नसे. शेवटी एक-एक आण्याला शुभवर्तमानाची पातळ पुस्तकं विकायला काढायची. वाचता येणारे बाजारात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, पण कागद चांगला होता. आजोबा दहा-बारा प्रती एकदम घेत. हळदीच्या पुड्या त्यात फार छान बसत. "मत्तय, मार्क, लूक, योहान, सगळे माझ्या हातून पाड्यापाड्यावर गेले, एवढा प्रचार त्या पाद्र्यांनीही केला नसेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर आजी दरवेळी "पाप लागंल" म्हणायची. ते कुठल्या देवाकडून लागणार, हे तिनं कधी सांगितलं नाही.

या प्रचारकांची वाट जुनी होती. नाशिक हे क्षेत्र, गोदावरीचा घाट, त्र्यंबकचा सिंहस्थ, यात्रेकरूंची रीघ. ज्याला लोकांपुढे उभं राहून बोलायचं आहे त्याला याहून चांगली जागा कुठे मिळणार? गॉर्डन हॉल हा अमेरिकन पाद्री 1813 मध्ये मुंबईत उतरला. कंपनी सरकारला तो नको होता, गव्हर्नराच्या विनवण्या करून तो राहिला आणि मराठी शिकून रस्त्यावर, देवळापाशी, बाजारात बोलू लागला. 1826 च्या मार्चमध्ये तो नाशिकला आला तेव्हा गावात पटकी लागली होती. पुस्तकांबरोबर त्यानं जवळची औषधं वाटली आणि परतीच्या वाटेवर एका खेड्यात 20 मार्चला स्वतःच पटकीनं गेला. त्याच्या श्रद्धेशी मला देणंघेणं नाही. औषध वाटून संपवणाऱ्या माणसाबद्दल मात्र वाईट शब्द निघत नाही.

पुढे 1832 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीनं नाशिकला बस्तान बसवलं आणि 1854 मध्ये विल्यम प्राइस यांनी शरणपूर वसवलं. आज शरणपूर रोडवर गाडी लावायला जागा शोधणाऱ्याला हे ठाऊक नसतं की, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे मराठी मुलांबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट. प्रवासी-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1873 मध्ये आफ्रिकेच्या अरण्यात वारला तेव्हा त्याचं नाव नि तारीख झाडाच्या खोडावर कोरणारा आणि पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याच्या शवपेटीला हात लावणारा हा नाशिकचा विद्यार्थी. अमुक माणूस अमुक ठिकाणी मेला, मी तिथे होतो. साक्ष म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

भाषणानं बाजार हलत नाही हे मिशनऱ्यांच्याही ध्यानात आलं होतं. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कथा कीर्तनात बसवली. रेव्हरंड ना. वा. टिळक तर मूळचे कीर्तनाचे आणि कवितेचेच. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला तो घरादाराला न सांगता. पण टाळ, अभंग आणि तुकोबा त्यांनी सोडले नाहीत. पुढे 1917 मध्ये मिशनचा पगार तेवढा सोडला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नवऱ्यानं धर्म बदलल्यावर त्यांनी पाच वर्षं सोसलं, भांडल्या आणि स्वतःच्या पायांनी चालत 1900 मध्ये पलीकडे गेल्या. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 मध्ये आला. पंडिता रमाबाईंनी 1907 मध्ये आपली हकिगत लिहिली तिच्या नावातच साक्ष हा शब्द आहे. माझ्या मते मात्र मराठीतली सर्वांत भारी साक्ष लक्ष्मीबाईंचीच, कारण ती द्यायची आहे हे त्यांच्या मनातही नव्हतं. सोवळ्याचं खूळ, स्वतःचं वेडेपण, नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा, सगळं त्या हसत सांगतात आणि आपण विश्वास ठेवतो.

आता बाजारात परत येतो. एका बाजारी त्या पाहुण्यांमध्ये आपला कोकणा गडी उभा राहिलेला दिसला. लोक थबकले. पाहुण्याचं भाषण फुकट असतं, त्याला मागचंपुढचं नसतं. याला मात्र अख्खा बाजार ओळखत होता. मोहाची पिऊन तो कुठल्या नाल्यात पडला होता, कुणाचा बैल सोडून नेला होता, कुठल्या बोहाड्यात सोंग घेऊन मारामारी केली होती, सगळं ठाऊक. झांज थांबली. तो म्हणाला, "मी आता साक्ष देतो."

आमच्याकडे साक्ष म्हटलं की लोकांना कचेरी आठवते. पेठच्या कचेरीत अंगठा उठवायचा, उभं राहायचं, दिवस बुडवायचा. कुणीतरी मागून विचारलं, "कुणाची केस रे?" तो म्हणाला, "माझीच."

मग त्यानं सांगायला सुरुवात केली. दारू. बैल. बायकोला मारणं. आजारी पडलो, मरायला टेकलो, या माणसांनी शेजारी बसून प्रार्थना केली, उठलो, तेव्हापासून थेंब घेतलेला नाही. तोवर ठीक होतं. मग तो चालत आजोबांच्या दुकानापुढे आला, धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि फळीवर नाणी ओतली. "शेठ, माझं खातं काढा. तीन रुपये घेतले होते. वाढून चार रुपये बारा आणे झाले. मोजून घ्या."

इथे आजोबा थांबायचे, विडी पेटवायचे. "सगळा बाजार माझ्याकडं बघाया लागला रे," ते म्हणायचे. "साक्ष त्याची आणि उघडा पडलो मी!"

गर्दीत पाड्याचा भगत होता. त्याचं गिऱ्हाईक चाललं होतं, तो गप्प कसा बसेल? त्यानं विचारलं, पोराचा ताप मागच्या आखाजीला उतरला तो कुणी उतरवला, कोंबडं कुणाचं गेलं? हा म्हणाला, तुम्हीच उतरवला, कोंबडं माझंच गेलं, मी कुठं नाही म्हणतो? लोक हसले. मग एका म्हातारीनं मुद्द्यालाच हात घातला. याची बायको काट्यापाशी वरईची टोपली घेऊन उभी होती. म्हातारी तिला म्हणाली, "काय गं, खरं का?" बायको वर न बघता म्हणाली, "होळीपासून नाही."

एवढंच. तिनं येशूचं नाव घेतलं नाही, नवऱ्याची तारीफ केली नाही, फक्त मुदत सांगितली. आजोबांच्या मते त्या दिवशी बाजारानं जे काही मानलं ते त्या दोन शब्दांमुळे.

याच्या उलट मुंबईच्या समुद्रकिनारी 1857 च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचा जाहीर वाद चालला होता. वेद, बायबल, पुनर्जन्म, अवतार, शेकडो माणसं ऐकायला. तो वाद पुस्तकरूपानं छापला गेला, दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असं वाटलं. हरसूलच्या बाजारात असा वाद घालणं जमणारं नव्हतं. तिथे प्रश्न दोनच होते, उधारी फेडली का आणि बायकोला मारतोस का.

त्याच 1857 च्या डिसेंबरात हा हरसूलचा बाजार लुटला गेला होता. पेठ संस्थानातल्या कोळ्यांचा नि भिल्लांचा उठाव, गादीवर हक्क सांगणारे भगवंतराव आणि अखेर इंग्रजांचा फास. आमच्या घरात सांगत की, त्या दिवशी मूळ पुरुषानं पैसाअडका सोडला पण खातेवही नागलीच्या कणगीत खुपसली. वाण्याच्या घरातली ही शौर्यकथा. लहानपणी मला ती फार आवडायची. कुणाच्या कर्जाची वही ती, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

पुढे साक्षवाल्याच्या पाड्यावर दोन-चार घरं प्रार्थनेला जाऊ लागली. भगताशी सोयरिकी तुटल्या, काही पुन्हा जुळल्या. वाघदेवाच्या पूजेची वर्गणी द्यायची की नाही यावरून एका वर्षी पाड्याची बैठक रात्रभर चालली. शेवटी वर्गणी नाही, पण वाटेच्या दुरुस्तीला दोन दिवस जास्त काम, असा तोडगा निघाला. हे असले तोडगे कुठल्याही दप्तरात लिहिलेले नसतात, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आता बाजारात झांज वाजत नाही. प्रार्थना घरात होते, साक्ष मोबाइलवर येते. कोण कुठे काय बोललं याचं चित्रीकरण होतं, मग पाच-पन्नास जण जाब विचारायला जातात. घटनेच्या 25 व्या कलमात धर्म आचरण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचंही स्वातंत्र्य आहे. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं. म्हणजे आपली गोष्ट सांगायला मोकळीक आहे, दुसऱ्याची गोष्ट बदलायला लावायची नाही. कायद्यात ही रेघ नीट दिसते, बाजारात तेवढी दिसत नाही. चांगली गोष्ट ऐकणाऱ्याला थोडंफार बदलतेच, नाहीतर ती सांगायची कशाला?

मला दोन्हीकडच्यांशी भांडायचं आहे. प्रार्थनेनं बरा झालो, गोळ्या फेकून दिल्या, अशी साक्ष मी स्वतः ऐकली आहे आणि मला त्या माणसाचा राग आला. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या की काय होतं ते आमच्या पाड्यांनी सोसलेलं आहे. देवानं वाचवलं म्हणायचं तर म्हणा, गोळी मात्र वेळेवर घ्या. दुसरीकडे, आदिवासी भोळा, त्याला पोतंभर तांदूळ दाखवला की तो देव बदलतो, असं भाषण ठोकणारे आहेत. आजोबांकडे याचं उत्तर होतं. "नागलीच्या मापात मूठभर कमी पडलं तर ज्याला कळतं," ते म्हणायचे, "त्याला देव बदललेला कळत नाही होय?" मूठभर कमी पडलेलं त्याला कळतं, हे त्यांना कसं कळलं, ते मी कधी विचारलं नाही.

मरणाच्या आधी एकदा त्यांनी ही गोष्ट पुन्हा सांगितली आणि शेवटी नेहमीसारखे हसले नाहीत. "त्याची साक्ष झाली, माझी राहिली," म्हणाले आणि कूस बदलली.

नाशिकच्या गृहस्थांनी ते पान वाचलं तेव्हा मी शेजारी बसलो होतो. मुद्दल रुपये तीन. व्याज एक रुपया बारा आणे. एकूण चार रुपये बारा आणे, रोख जमा, खातं बंद. पान उलटून मागचंही बघायला मी त्यांना सांगितलं. व्याज परत केल्याची नोंद नाही.