तिरामिसू आणि डिंकाचा लाडू

तिरामिसू चीजकेक म्हटलं की आमच्या घरात दोन प्रतिक्रिया येतात. धाकटी मंडळी टाळ्या पिटतात आणि मोठी मंडळी विचारतात, 'तिरा... काय?' तर आधी मोठ्यांसाठी नावाचा अर्थ. इटालियनमध्ये 'तिरा मी सू' म्हणजे 'मला वर ओढ'. मरगळलेल्या माणसाला उभं करणारा पदार्थ! अंड्याचा बलक आणि साखर घोटायची, त्यात मास्कारपोने नावाचं सायीसारखं मऊ चीज मिसळायचं, कडक कॉफीत बुडवलेल्या सावोयार्दी बिस्किटांवर त्याचे थर द्यायचे आणि वरून कोको भुरभुरायचा. झालं.

जगभर पोचलेला हा पदार्थ दोन-चारशे वर्षं जुना असेल असं वाटेल तुम्हाला. पण तसं नाही. व्हेनिसजवळ त्रेव्हीझो नावाचं गाव आहे. तिथल्या 'ले बेक्केरिए' या खाणावळीच्या मेनूवर तो 1972 मध्ये आला, असं साधारण मानलं जातं. मालक आदो काम्पेओल, त्यांची बायको आल्बा आणि मिठायांचे आचारी रोबेर्तो लिंग्वानोत्तो. या लोकांनी पाककृतीचं पेटंट कधी घेतलं नाही. आदो 2021 मध्ये वारले तेव्हा बातम्यांचे मथळे होते, 'तिरामिसूचे जनक गेले'.

आता गंमत बघा. पदार्थ कसा सुचला याची काम्पेओल कुटुंबात सांगितली जाणारी गोष्ट आदोंची नाहीच, आल्बाची आहे. ती बाळंतीण असताना सासूने तिच्या अंगात ताकद यावी म्हणून बलक-साखर घोटून, कॉफी घालून दिली होती. त्या भागात घोटलेला बलक आजारी माणसांना, म्हाताऱ्यांना, मुलांना पूर्वीपासून देत असत. त्या चवीवरून पुढे आल्बा आणि लिंग्वानोत्तो यांनी हा पदार्थ बसवला. लिंग्वानोत्तोंची आठवण मात्र वेगळी होती. आइस्क्रीम करताना अंडी-साखरेच्या भांड्यात चुकून मास्कारपोने पडलं, असं ते सांगत. तेही 2024 मध्ये गेले.

शिवाय शेजारच्या फ्रिउलीचा दावा आहेच! तोल्मेझ्झो गावात हॉटेल चालवणाऱ्या नोर्मा पिएल्ली यांनी 1950च्या दशकातच तिरामिसू केला होता म्हणे. पेल्लेग्रीनो आर्तुसी यांच्या गाजलेल्या पाकपुस्तकात 'दोल्चे तोरीनो' नावाचा एक गोड पदार्थ आहे. नोर्माबाईंनी त्यातल्या लोण्याच्या जागी मास्कारपोने आणि मद्याच्या जागी कॉफी घातली. पुरावा म्हणून 1959 सालचं हॉटेलचं बिल दाखवतात. 2017 मध्ये इटलीच्या सरकारने पारंपरिक पदार्थांच्या यादीत तिरामिसू फ्रिउलीच्या नावे घातला, तेव्हा व्हेनेतो प्रांताच्या अध्यक्षांनी जाहीर आक्षेप घेतला.

हे सगळं वाचताना मला राहून राहून आपला डिंकाचा लाडू आठवत होता. डिंक, खारीक, खोबरं... बाळंतिणीची झीज भरून निघावी म्हणून. तोही 'मला वर ओढ'च की! पण डिंकाचा लाडू पहिल्यांदा कुणी वळला? आळिवाची खीर कुणी शिजवली? त्यांचं कुठे बिल नाही, मेनूकार्ड नाही. इतिहासाला कागद लागतो आणि कागद हॉटेलात असतो, माजघरात नसतो. म्हणून मथळ्यात मालकाचं नाव येतं आणि खाटेशी वाटी आणून देणाऱ्या सासूचं नावसुद्धा आपल्याला कळत नाही.

चीजकेकचं कूळ तर याहून जुनं. रोमन लेखक केटोने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिलं, त्यात 'लिबुम'ची कृती आहे. चीज कुटायचं, पीठ आणि एक अंडं घालायचं, पानांवर ठेवून वर भांडं झाकून मंद भाजायचं. आपली पानगीच म्हणा ना! आजचा अमेरिकन चीजकेक ज्या क्रीम चीजवर उभा आहे ते मात्र 1870च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातलं.

मी घरी करते तेव्हा अंडं टाळते आणि मास्कारपोनेऐवजी चक्का वापरते. मास्कारपोनेही तसंच असतं, तापवलेल्या क्रीममध्ये आंबट घालून फडक्यात निथळलेलं. मारी बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून, दोन चमचे कॉफीचं पाणी शिंपडून डब्याच्या तळाशी थापायचा. 400 ग्रॅम चक्का, तेवढंच कंडेन्स्ड मिल्क, 200 मिली क्रीम आणि थेंबभर पाण्यात विरघळवलेली दोन चमचे इन्स्टंट कॉफी एकजीव करून वर ओतायची. गरम पाण्याच्या परातीत डबा ठेवून 150 अंशांवर साधारण 40 मिनिटं. मधोमध जरासं थरथरत असतानाच ओव्हन बंद करायचा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा आणि सकाळी कोको चाळायचा.

इटलीत कुणी याला तिरामिसू म्हणणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण तुमच्या घरी 'मला वर ओढ' जातीचा कुठला पदार्थ होतो आणि तो कुणी शिकवला, हे जरूर लिहा. नावासकट लिहा. तेवढाच एक कागद होईल.