वाद आणि दडपण : शेषाद्रि बंधूंची हकीकत

पैठणच्या एकनाथ महाराजांनीं सोळाव्या शतकांत ‘हिंदु-तुर्क संवाद’ या नांवाचें एक प्रकरण रचिलें. एक हिंदु आणि एक तुर्क समोरासमोर उभे राहून परस्परांच्या आचारांतील उणीं काढितात. शब्दाला शब्द लागतो. कोणीच हार खात नाहीं. आणि अखेरीस दोघेही वितंडा टाकून एकमेकांस नमन करितात व आलिंगन देतात. गोदावरीकांठचा हा प्रदेश असल्या शेजाराला फार जुना सरावलेला आहे. याच नदीच्या तीरीं नांदेडास १७०८ सालीं गुरु गोविंदसिंहांनीं देह ठेविला. कंधारास सुफी साधूचा दर्गा आहे. लातूर-उदगीरकडे लिंगायतांचे मठ आणि वारकऱ्यांचीं भजनें एकाच गांवांत सांपडतात. हा शेजार नेहमींच गोडीचा होता, असें म्हणणें मात्र सत्यास धरून होणार नाहीं. निजामी अमदानीच्या अखेरीस, १९४७-४८ सालीं, या मुलखानें रझाकारांचा जाच सोसला. आणि पोलीस कारवाईनंतर येथील निरपराध मुसलमान कुटुंबांवरही अनर्थ कोसळले. म्हणूनच, धर्माचा वाद कोठें संपतो आणि दडपण कोठें सुरू होतें, हा प्रश्न येथील माणसास केवळ पुस्तकी वाटत नाहीं. त्या प्रश्नाचा पुरता कस लागला अशी एक जुनी हकीकत आहे. ती घडली मुंबईस. परंतु तिचा एक धागा मराठवाड्यांत जालन्यापर्यंत येऊन पोंचला.

कंपनी सरकारचा १८१३ चा चार्टर मंजूर झाला आणि ख्रिस्ती धर्मोपदेशकांस या देशाचे दरवाजे मोकळे झाले. त्याच वर्षीं अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. पुढें १८२९ सालीं स्कॉटलंडहून जॉन विल्सन आले. मराठी भाषेचा त्यांनीं कसून अभ्यास केला आणि पंडितांस उघड वादाचें आव्हान दिलें. १८३१ सालीं मोरभट दांडेकर या विद्वान ब्राह्मणानें तें स्वीकारलें. कित्येक संध्याकाळ श्रोत्यांच्या दाटींत दोघांचा वाद चालला. वाद तेवढ्यावर थांबला नाहीं. दांडेकरांनीं आपल्या पक्षाचें मंडन करणारें पुस्तक छापिलें आणि विल्सन यांनीं पुस्तकानेंच त्यास उत्तर दिलें. मराठी गद्य आणि मराठी छापखाना हीं दोन्हीं तेव्हां बाल्यावस्थेंत होतीं. अशा खंडनमंडनानें त्यांस चांगलीच चालना मिळाली.

या वादांत कडवटपणा पुष्कळ होता. एकमेकांच्या देवांविषयीं बोलतांना जीभ आवरण्याची कोणास गरज वाटली नाहीं. तरी त्याचा एक गुण विसरून चालणार नाहीं. बोलणारे दोघेही प्रौढ होते, दोघेही विद्वान होते. ऐकणारा मन मानेल तेव्हां उठून घरीं जाण्यास मोकळा होता. असा वाद कितीही तिखट झाला तरी त्यास दडपण म्हणतां येत नाहीं.

शाळेची गोष्ट निराळी होती. इंग्रजी विद्या हें नव्या राज्यांतील नोकरीचें आणि प्रतिष्ठेचें दार होतें, आणि मिशनच्या शाळेंत त्या विद्येबरोबर बायबलाचा पाठही असे. आईबाप मुलांस विद्येसाठीं पाठवीत. शिक्षकांचें लक्ष मुलांच्या आत्म्याकडेही असे. उभयपक्षीं हें ठाऊक होतें आणि उभयपक्षीं तें न बोलतां चालविलें जात होतें. १८३९ च्या मे महिन्यांत विल्सन यांच्या शाळेंतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां हें मौन फुटलें. पारशी समाजांत मोठी खळबळ उडाली, प्रकरण सुप्रीम कोर्टांत गेलें, आणि धनजीभाई स्वतःच्या मर्जीप्रमाणें राहण्यास मुखत्यार आहे असें ठरलें. पारशी पालकांनीं आपलीं मुलें त्या शाळेंतून भराभर काढून घेतलीं.

चार वर्षांनीं, १८४३ सालीं, तोच प्रसंग ब्राह्मणाच्या घरावर आला. नारायण शेषाद्रि हा स्कॉटिश मिशनच्या विद्यालयांत शिकलेला बुद्धिमान तरुण. त्यानें त्या वर्षीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तो वयांत आलेला होता आणि विचार करून गेला होता. बापास दुःख झालें तरी त्याच्यापुढें कायद्याचा उपाय नव्हता. परंतु नारायणाच्या पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही घर सोडून रॉबर्ट नेस्बिट या मिशनऱ्याकडे जाऊन राहिला. श्रीपताचें वय अवघें बारा वर्षांचें होतें. तेथें त्याचें अन्नोदक झालें. बाप्तिस्मा मात्र झाला नव्हता.

बापानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांच्यापुढें तीन माणसांचीं तीन मनें उभीं होतीं. बापाचें म्हणणें असें कीं, मूल माझें आहे आणि त्याचें बरेंवाईट पाहण्याचा अधिकार माझा आहे. नेस्बिट यांचा पक्ष असा कीं, मुलगा आपण होऊन आला, त्यास समज आहे, आणि सत्याचा शोध घेणाऱ्यास दाराबाहेर लोटणें हें पाप होईल. आणि श्रीपताची स्वतःची इच्छा भावाजवळ, मिशनऱ्याच्या घरीं राहण्याची होती. न्यायाधीशांनीं धर्मांच्या खरेखोटेपणांत लक्ष घातलें नाहीं. बारा वर्षांच्या मुलास आपल्या आयुष्याची दिशा ठरविण्याइतका विवेक आलेला नसतो, सबब त्याचा ताबा बापाकडे असला पाहिजे, असा निकाल देऊन त्यांनीं श्रीपतास बापाच्या स्वाधीन केलें.

येथें ही कथा संपावयास हवी होती. परंतु खरी परीक्षा येथूनच सुरू झाली. बाप कोर्टांत जिंकून मुलास घेऊन आला खरा, पण त्यास पंक्तीला घ्यावयास जातभाई तयार होईनात. परधर्मीयाच्या घरचें अन्न खाल्लेला मुलगा पतित झाला, त्यास आतां परत घेणें नाहीं, असा सनातनी मंडळींचा हट्ट पडला. अशा वेळीं बाळशास्त्री जांभेकर पुढें झाले. १८३२ सालीं ‘दर्पण’ पत्र काढून मराठी वृत्तपत्रसृष्टीचा पाया घालणारे आणि पुढें एल्फिन्स्टन विद्यालयांत अध्यापन करणारे हे शास्त्रीबुवा धर्मशास्त्रांतही पारंगत होते. मुलगा अजाण आहे, शास्त्रांत प्रायश्चित्ताची सोय आहे, मग दार बंद करण्याचें कारण काय, असा त्यांचा सरळ सवाल होता. त्यांनीं श्रीपताच्या शुद्धीचा पुरस्कार केला. त्याबद्दल त्यांस आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींस बहिष्काराचा धाक सोसावा लागला, आणि मुंबईच्या ब्राह्मणसमाजांत दोन तट पडले. बाळशास्त्री १८४६ सालीं, ऐन उमेदींत, निवर्तले. त्यांनीं उपस्थित केलेला प्रश्न मात्र मागें राहिला.

या प्रकरणांत दडपण कोणीं आणिलें? मिशनऱ्यांनीं कोवळ्या मुलास घरांत ठेवून घेतलें, हें एक दडपण होतें. त्यांचा हेतु त्यांच्या दृष्टीनें कितीही शुद्ध असला तरी गुरु आणि बारा वर्षांचा शिष्य यांचा वाद बरोबरीचा कधींच नसतो. परंतु परत आलेल्या त्याच मुलास दार न उघडणें हेंही दडपणच होतें. एकानें मुलास बाहेर ओढिलें, दुसऱ्यानें त्यास आंत येऊं दिलें नाहीं. आणि दोघेही धर्माचें नांव घेत होते. जो समाज गेलेल्या माणसासाठीं शोक करितो आणि परतलेल्या माणसास हांकून देतो, त्याच्या शोकाचें वजन कमी होतें, हें बाळशास्त्र्यांनीं ओळखलें होतें.

कायद्यानें पुढें यांतील कांहीं गांठी सोडविल्या. १८५० च्या एकविसाव्या ॲक्टानें धर्म बदलल्यामुळें किंवा जात गेल्यामुळें माणसाचा वारसाहक्क बुडूं नये असें ठरविलें. १८६६ सालीं ख्रिस्ती झालेल्यांच्या विवाहसंबंधाविषयीं कायदा झाला, आणि १८७५ च्या कायद्यानें सज्ञानतेचें सामान्य वय अठरा वर्षें धरण्यांत आलें. मनाच्या गांठी सोडविणें मात्र कायद्याच्या हातीं नव्हतें.

त्या कामीं उघडा वादच अधिक उपयोगी पडला. १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर आठवड्यास एका संध्याकाळीं विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचा वाद चालला. बुवा हे मूळचे विष्णु भिकाजी गोखले. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्यानें त्या वादाचा वृत्तांत इंग्रजींत छापिला. मराठींत ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ हें पुस्तक १८७२ सालीं निघालें. प्रतिपक्षाचें म्हणणें छापून पुढें ठेवावें आणि निवाडा वाचकावर सोंपवावा, ही रीत उभयतांस शोभणारी होती.

आतां थोरल्या भावाकडे वळावयाचें. नारायण शेषाद्रि यांस १८५४ सालीं धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, आणि पुढें ते निजामाच्या राज्यांत जालन्यास आले. तेथें कंटिंजेंट फौजेची छावणी होती. दिवाण सालारजंग यांच्या काळांत मिळालेल्या जमिनीवर त्यांनीं जालन्याजवळ ‘बेथेल’ नांवाची ख्रिस्ती वसाहत बसविली. तेथें शाळा, शेती आणि प्रार्थनामंदिर उभें राहिलें. तिकडे वळलेले बहुतेक लोक मांग आणि महार समाजांतील होते.

येथें मूळ प्रश्नाचें रूप पालटतें. मुंबईस प्रश्न बालकाचा होता. मराठवाड्यांत तो उपाशी आणि उपेक्षित माणसाचा झाला. जमीन आणि शाळा मिळते म्हणून धर्म बदलणें हें आमिष नव्हे काय, असें टीकाकार विचारीत, आणि तो प्रश्न खोटा नव्हता. दुष्काळांत अन्न देणारा हात धर्मही देऊं लागला म्हणजे भुकेल्याच्या होकारास कितपत होकार म्हणावें, याचा विचार प्रत्येक धर्मोपदेशकानें करावयास हवा. परंतु टीकाकारासही एक प्रश्न चुकत नाहीं. ज्या माणसास गांवच्या विहिरीवर पोहरा टाकतां येत नव्हता आणि देवळाच्या पायरीशीं उभें राहतां येत नव्हतें, त्यास गांवानें कोणतें स्वातंत्र्य दिलें होतें, कीं जें बेथेलमध्यें हिरावलें गेलें? पुढें डॉ. आंबेडकरांनीं १९३५ सालीं येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ सालीं नागपुरास बौद्ध धर्म स्वीकारला. मधलीं एकवीस वर्षें अभ्यासांत आणि विचारांत गेलीं. आमिषाचा आक्षेप जेथें उभाच राहूं शकत नाहीं, असें तें उदाहरण आहे.

घरांतील दडपणाचें उत्तर एका स्त्रीनें देऊन ठेविलें आहे. कवि नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आकाशच कोसळलें. कांहीं वर्षें त्या पतीपासून दूर, स्वधर्मांतच राहिल्या; नंतर पतीकडे आल्या तरी लगेच धर्म बदलला नाहीं. स्वतःच्या मनाची खात्री पटली तेव्हां, १९०० सालीं, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्या घरोघरच्या वाचकांस हें ठाऊकच आहे. त्यांचा निर्णय कोणास पटो वा न पटो, तो त्यांचा होता याविषयीं शंका राहत नाहीं. कारण त्यास लागणारा वेळ त्यांस मिळाला.

१९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमानें प्रत्येकास सदसद्विवेकबुद्धीचें, तसेंच धर्म आचरण्याचें व त्याचा प्रसार करण्याचें स्वातंत्र्य दिलें. प्रसाराच्या या हक्कांत दुसऱ्याचें धर्मांतर करण्याचा हक्क येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं दिला. घटनेनें हीं जीं कुंपणें घातलीं, त्यांच्या आंत माणुसकीनें वागण्याचें काम समाजाकडेच राहिलें आहे. आपला धर्म सांगावयाचा तो ज्यास ‘नाहीं’ म्हणतां येईल अशासच सांगावा. आणि आपल्यांतून जो गेला तो परत आला तर त्याच्यासाठीं पंक्तींत एक पाट मोकळा ठेवावा. १८४३ सालीं मुंबईंत या दोन्हीं गोष्टी झाल्या असत्या, तर बारा वर्षांच्या श्रीपतास कोर्टाची पायरी चढावी लागली नसती, आणि तेथून उतरल्यावर कोठें जावें हा प्रश्नही पडला नसता.