केनवुडचा गिलावा

लंडनच्या उत्तरेस, हॅम्पस्टेडच्या माळाला लागून, केनवुड हाउस ही हवेली उभी आहे. इंग्लंडात चार जॉर्ज राजे एकामागून एक गादीवर होते (१७१४ ते १८३०). त्या काळच्या ‘जॉर्जियन’ वास्तुशैलीचा हा नामांकित नमुना. १७५४ साली ती विल्यम मरे याने विकत घेतली. दोनच वर्षांत तो लॉर्ड मॅन्सफील्ड या नावाने किंग्ज बेंच न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश झाला. १७७२ च्या सॉमरसेट खटल्यात, गुलामास बळाने इंग्लंडाबाहेर नेता येणार नाही, असा निवाडा देणारा तो हाच.

१७६४ पासून रॉबर्ट अॅडमने या घराचा कायापालट केला. पश्चिमेस नारिंगीची झाडे ठेवण्याचे जुने दालन होते. तोल साधावा म्हणून त्याने पूर्वेस ग्रंथालय बांधले. कमानदार छत, दोन्ही टोकांस अर्धवर्तुळाकार गाभारे, त्यांपुढे खांब, वर झुक्कीची चित्रे. अॅडमने याहून देखणी खोली बांधली असेल असे आम्हांस वाटत नाही.

आमचे वकिली लक्ष मात्र वेधले ते दक्षिणेकडील दर्शनी भिंतीने. घर मुळात विटांचे. अॅडमने त्यावर अर्धस्तंभ आणि वेलबुट्टी काढली ती दगडात नव्हे, गिलाव्यात. हा तेलमिश्रित गिलावा जॉन लियार्डे नामक स्विस धर्मोपदेशकाचा. त्याचे पेटंट १७७३ चे, आणि ते अॅडम बंधूंनी विकत घेतले होते. जॉन्सन नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने तसलाच गिलावा वापरताच त्यांनी दावा लावला. १७७८ साली तो चालला कोणापुढे? मॅन्सफील्डपुढे! अॅडम त्याचा देशबंधू स्कॉट, आणि तोच गिलावा न्यायाधीशाच्या घरावर. निकाल वादीच्या बाजूने लागला. पक्षपाताचा बोलही लागला. आजच्या संकेतानुसार असा न्यायाधीश त्या आसनावर बसूच शकला नसता, आणि तेच योग्य.

तरीही त्याने पंचांस सांगितलेले तत्त्व खरे होते : मुदत संपल्यावर इतरांस ती वस्तू बनविता यावी, इतके स्पष्ट वर्णन पेटंटधारकाने दिले पाहिजे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातील १० वे कलम शोधाचे संपूर्ण वर्णन मागते, त्याचे एक मूळ येथे आहे.

गिलावा मात्र टिकला नाही. लंडनच्या हवेत तो थोड्याच वर्षांत तडकून झडू लागला. त्याऐवजी संगमरवर लावला असता तर स्वस्त पडले असते, असे खुद्द मॅन्सफील्ड म्हणाल्याची आख्यायिका आहे. आज दिसते ती नक्षी विसाव्या शतकात, अॅडमच्या छापील आराखड्यांवरून नव्याने बसविलेली आहे.